बाहेरचा जिना : आपल्या जुन्या घरांची रचना, वाटणी आणि विक्री

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे. घर पाहावे विकून, असे मात्र त्यांनी कोठे म्हटलेले नाही. विकण्यासाठी घर बांधावे ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती. शेत गहाण पडे, गाय विकली जाई, प्रसंगी दागिने सावकाराकडे जात. पण घर राही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही स्थिती पालटली. मुंबई, साष्टी आणि वसई या टापूतील आपल्या ख्रिस्ती गावठाणांत आज असे घराणे विरळाच की ज्याच्या ओट्यावर ‘घर द्यायचे आहे काय?’ असे विचारीत कोणी अनोळखी गृहस्थ येऊन गेला नाही.

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आपले घर असे का आहे, ते कोणाचे आहे आणि हा विचारणारा गृहस्थ कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे ठाऊक असणे आवश्यक आहे. या तीनही गोष्टींना इतिहास आहे. तो आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो. धर्मग्रामाच्या सेवेत असताना घराच्या विक्रीवरून दुरावलेली भावंडे आम्हांस वारंवार भेटतात. भांडणाचे मूळ क्वचितच केवळ लोभात असते. बहुधा ते अज्ञानात असते, असा आमचा अनुभव आहे.

ओट्यापासून जिन्यापर्यंत

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या अंमलाखालील साष्टी, मुंबई आदी प्रदेश पोर्तुगीजांना तोडून दिला. त्यानंतरच्या काळात फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय मिशनऱ्यांच्या प्रयत्नांनी येथील शेतकरी, कोळी, कारागीर यांपैकी अनेकांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. राज्ये मात्र बदलत राहिली. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. अडीचशे वर्षांत आमच्या पूर्वजांनी तीन राजवटींना सारा भरला. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबईकडील समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव नवे आले, पण घरात बोलली जाणारी मराठी तीच राहिली, आणि घराची ठेवणही तीच राहिली.

ती ठेवण शेतकऱ्याची होती. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परसू व विहीर. खोल्या एकामागून एक. शेवटच्या खोलीत जायचे तर पहिल्या खोलीतून गेल्यावाचून गत्यंतर नाही. शेजाऱ्याच्या घराला लागून घर, कित्येकदा दोघांत मिळून एकच भिंत. कुंपण नाही. अमुक आंगण कोणाचे हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे ते कोठे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. एक चूल, एक जमाखर्च आणि एक रोझरी असणाऱ्या कुटुंबाला ही रचना पुरेशी होती. आज ज्याला आपण ‘विचित्र नकाशा’ म्हणतो तो त्या काळी मुळीच विचित्र नव्हता.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढू लागली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढील काही वर्षांत कापडाच्या गिरण्या निघाल्या, गोदी व कचेऱ्या वाढल्या. बाहेरगावाहून आलेल्यांना बिऱ्हाडाला जागा हवी होती आणि आपल्या लोकांपाशी घरे होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. प्रॉटेस्टंट मिशनच्या कारखान्यातली ही सपाट कौले पुढे कॅथॉलिक घरांवर निमूटपणे जाऊन बसली! नळीच्या कौलांचे छप्पर दरसाल शाकारावे लागे, तो त्रास कमी झाला. घरावर मजला चढवावा आणि तो भाड्याने द्यावा, असा विचार घराघरांत होऊ लागला.

पण जिना कोठे काढावा? आत खोली खर्ची पडणार. शिवाय परका भाडेकरू माजघरातून वर जाणार, हे घरच्या स्त्रियांना रुचणारे नव्हते. म्हणून जिना बाहेर आला. भिंतीला लागून आंगणातून वर जाणारा हा लाकडी जिना आणि वरचा सज्जा ही आपल्या मुंबईकडील घरांची ओळखच झाली. गिरगावातील खोताची वाडी, माझगावातील माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवर या ठिकाणी असे जिने आजही पाहावयास मिळतात. खोताच्या वाडीला जिच्यामुळे नाव मिळाले ती व्यक्ती म्हणजे पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत. अठराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास त्यांच्या जमिनीचे तुकडे घेऊन आपल्या लोकांनी तेथे घरे बांधली. एकेकाळी तेथे पासष्ट घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. माथारपाखाडी ही लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा यांची जन्मभूमी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीची गावठाणे हवालदिल झाली. त्या दिवसांत ठिकठिकाणी नवसाचे क्रूस उभे राहिले. वांद्र्यापासून पुढे अनेक पाखाड्यांत ते अद्याप आहेत. १८९८ साली सरकारने शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते, आखीव भूखंड, घराभोवती मोकळी जागा ही नवी दृष्टी आली. तिचाच स्वीकार करून १९१८ साली वांद्र्याच्या परिसरात साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि आपल्या समाजातील सुशिक्षित कुटुंबांनी मोजून आखलेल्या भूखंडांवर बंगले बांधले. येथून समाजात घरांचे दोन प्रकार झाले. एकाचा नकाशा कागदावर होता, दुसऱ्याचा केवळ आठवणीत. विक्रीची वेळ आली तेव्हा पहिल्या प्रकारच्या घरांना विशेष अडचण आली नाही. आमचा हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या घरांविषयी आहे.

वाटणीने घडलेला नकाशा

घराच्या रचनेवर गवंड्याचा जितका हात असतो तितकाच वारसाहक्काचाही असतो. भारतातील ख्रिस्ती लोकांना आधी १८६५ चा आणि पुढे १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू झाला. मृत्युपत्र न करता पुरुष निवर्तला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान, अशी त्यात तरतूद आहे. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वेगळी वाट घेतली. तेथे सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि आईबापांना निम्म्याहून अधिक मालमत्ता मुलांना डावलून देता येत नाही. गोव्यातले घर विकताना नवऱ्याबरोबर बायकोची सही का मागतात, याचे उत्तर त्या संहितेत आहे.

कायदा समान वाटणी सांगतो. पण एकामागून एक असलेल्या चार खोल्यांची समान वाटणी व्हावी कशी? आमच्या पाहण्यातील एका घराचे उदाहरण देतो. बाप वारल्यावर थोरल्याला ओटा व बैठकीची खोली मिळाली, मधल्याला माजघर व स्वयंपाकघर, धाकट्याला वरचा मजला. मधल्याला स्वतःचे दार हवे म्हणून बाजूची भिंत फोडली. थोरल्याने ओट्याच्या अर्ध्या भागाला भिंत घालून तेथे चूल मांडली. धाकट्याचा मजला वर, पण त्याचा जिना थोरल्याच्या आंगणात. विहीर तिघांची, शौचकूप मधल्याच्या परसात. दोन बहिणी सासरी. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही काही मागितले नाही. तिसऱ्या पिढीत हे घर विकावयाचे ठरले तेव्हा कागदोपत्री नाव आजोबांचे, वारस अठरा, आणि त्यांतले सात जण परदेशांत.

अशा घराला ग्राहक मिळणे कठीण, ही तक्रार खरी आहे. बऱ्याच गावठाणांत एका मोजणी क्रमांकाखाली अनेक घरे असतात. कोणत्या घराखाली नेमकी किती जमीन, हे मिळकत पत्रिकेवरून उमगत नाही. मंजूर नकाशा बहुतेक जुन्या घरांना नसतो, त्यामुळे खरेदीदाराला बँकेचे कर्ज मिळताना अडचण येते. त्यात भाडेकरूचा प्रश्न. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी चालू असलेले भाडे हा अनेक जागांसाठी आधार धरला. युद्धकाळात व फाळणीनंतर शहरात लोटलेल्या माणसांना त्यामुळे आसरा लाभला हे मान्य केले पाहिजे. परंतु वरच्या मजल्याचे भाडे गोठले ते गोठलेच. घर दुरुस्त करण्याइतकेही उत्पन्न मालकाला उरले नाही. भाडे वाढत नाही म्हणून ‘पागडी’ आली. ती त्या कायद्याने निषिद्ध होती, तरी सर्रास चालू होती. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. ज्या जिन्याने एकेकाळी घराला चार पैसे मिळवून दिले, त्याच जिन्याने मालकाला आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर परका केले.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. सामाईक राहत्या घरातील एकच हिस्सा परक्याने विकत घेतला, तर घरात येऊन इतरांबरोबर राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. त्याच वर्षाच्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेचा हक्क टिकतो. आणि वाटणीमुळे ज्या हिश्शाला दुसरी वाटच उरत नाही, त्या हिश्शाला जाण्यायेण्याची वाट द्यावी लागते. धाकट्याचा जिना थोरल्याच्या आंगणात असला म्हणून तो उद्या काढून टाकता येत नाही. ‘तुमच्या मजल्याला वाटच नाही, तेव्हा मिळेल ती किंमत घ्या’ असे सांगणाऱ्यापुढे हे ज्ञान उपयोगी पडते.

मध्यस्थाची परंपरा

आता तिसरा प्रश्न : विचारणारा गृहस्थ कोण? मध्यस्थ ही काही आजची निर्मिती नव्हे. पवित्र शास्त्रात जमिनीच्या खरेदीचा पहिला सविस्तर वृत्तान्त उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. सारा वारली तेव्हा अब्राहाम परदेशी होता. पुरण्यापुरतीही जमीन त्याच्या मालकीची नव्हती. तो थेट एफ्रोनाकडे गेला नाही. त्याने हेथी लोकांना विनंती केली की माझ्यासाठी एफ्रोनाकडे रदबदली करा. एफ्रोन प्रथम जमीन फुकट देऊ करतो, अब्राहाम पूर्ण किमतीचा आग्रह धरतो आणि व्यापाऱ्यांत चालणारे चारशे शेकेल रुपे तोलून देतो. पुढे शास्त्रलेखक काय नोंदवितो ते पाहावे : शेत, त्यातील गुहा आणि चतुःसीमेच्या आतील सर्व झाडे, वेशीपाशी जमलेल्या सर्वांसमक्ष अब्राहामाची झाली. मध्यस्थ कोण, किंमत किती, मालमत्ता कोणती, साक्षीदार कोण, हे सगळे त्या वृत्तान्तात उघड आहे. आजचे खरेदीखत याहून वेगळे काय सांगते?

आपल्या गावांतही असे मध्यस्थ होते. पाटील, गावचे वडीलधारे, कधी धर्मगुरू. त्यांना दलाली मिळत नसे. मिळे तो मान. दोन्ही पक्ष त्यांच्या शब्दाला बांधलेले असत, कारण उद्या पुन्हा त्याच वेशीपाशी एकमेकांची तोंडे पाहावयाची होती. शहर वाढले, खरेदीदार परका झाला आणि ही व्यवस्था अपुरी ठरली. मग दलाल आला. बाजारात धान्याचा, कापसाचा, घोड्यांचा दलाल पूर्वीपासून होताच. तो आता जागेचा झाला. रिकाम्या खोल्यांची बातमी राखणारा, पागडी ठरविणारा, आणि पुढे १९६३ च्या सदनिका कायद्यानंतर जसजशी फ्लॅटची इमारत रूढ झाली, तसतसा बिल्डरासाठी गावठाणे धुंडाळणारा. १९९१ च्या विकास नियमावलीने मुंबईत बांधकामाचे हक्क एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्याची सोय केली आणि जुन्या घराखालची जमीन घरापेक्षा महाग झाली. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या तेव्हा कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. तिने पाणी आणि झाडे यांबरोबरच जमिनीच्या व्यवहारातील दडपणाचा प्रश्नही वेशीवर टांगला.

दलाल या शब्दाला आपल्याकडे दुर्गंधी चिकटली आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. प्रामाणिक दलाल हा कष्टाचा धंदा करतो. घर पाहतो, कागद पाहतो, दहा माणसे आणतो, नऊंचा नकार ऐकतो. १८७२ च्या करार कायद्यात अभिकर्त्यासंबंधी एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते वाचले तर आपल्या लक्षात येते की कायद्याने त्याच्याकडून जवळजवळ कारभाऱ्याइतकीच निष्ठा मागितली आहे. मालकाने मागितला तर त्याने हिशेब दिला पाहिजे. मालकाला न कळविता त्याने तोच माल स्वतःसाठी घेतला, तर मालकाला तो व्यवहार मोडता येतो किंवा त्यातील त्याचा नफा मागता येतो. कामात गैरवर्तन केले, तर त्या कामाच्या मेहनतान्यावर त्याचा हक्क राहत नाही. दीडशे वर्षे हा कायदा आपल्या हाताशी आहे. तो वापरण्यासाठी मात्र दलाल आपला आहे की समोरच्याचा, हे लिखित स्वरूपात असावे लागते. आपल्याकडे बहुधा तेच नसते.

जिने चढणारा दलाल

या इतिहासातून आज घर विकणाऱ्याने काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की दलाल निवडण्यापूर्वी आपण आपले घर मोजून घ्यावे. एखाद्या वास्तुविशारदाकडून किंवा मोजणीदाराकडून आहे तसा नकाशा काढून घ्यावा. कोणती खोली कोणाच्या ताब्यात, सामाईक भिंत कोठे, जिना व विहीर कोणाच्या वापरात, भाडेकरू कोण, हे त्यावर दाखवावे. वेडीवाकडी रचना कागदावर उतरली की तिचे भय निम्मे ओसरते. ग्रामीण गावठाणांसाठी २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने मोजणी होते आणि मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावात ती झाली असल्यास नोंद तपासून पाहावी. झाली नसल्यास ग्रामपंचायतीत विचारावे.

दुसरी गोष्ट सह्यांची. अठरा वारस असतील तर अठराही जणांना सुरुवातीलाच पत्र जावे, शेवटी नव्हे. बहिणींकडून हक्कसोडपत्र घ्यायचे असेल, तर त्यांच्या हिश्शाची किंमत त्यांना आधी सांगावी. जो हक्क किती आहे हेच ठाऊक नाही तो सोडायला लावणे याला आम्ही त्याग म्हणू शकत नाही. मृत्युपत्र असेल तर तेही बाहेर काढावे. भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेटची सक्ती २००२ च्या दुरुस्तीने उठली आहे.

मग दलाल. चार भावांनी चार दलाल नेमले की खरेदीदार चौघांना एकमेकांविरुद्ध खेळवितो आणि किंमत उतरते. हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. सर्वांनी मिळून एक दलाल नेमावा, त्याला ठराविक मुदतीचे पत्र द्यावे, त्यात अपेक्षित किंमत, दलालीचा दर आणि ती केव्हा देय होईल हे लिहावे. रूढ दलाली शेकडा एक ते दोन असते. तो खरेदीदाराकडूनही घेणार असेल तर तेही त्याने लिहून द्यावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि २०२३ साली महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेचा आदेश काढला. ही सक्ती बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे; आपल्या आजोबांचे घर विकण्यासाठी तसा दाखला कायद्याने लागत नाही. तरीही नोंदणी असलेला दलाल पसंत करणे शहाणपणाचे, कारण त्याला गमावण्यासारखे काही असते.

त्याची खरी परीक्षा घर दाखविताना होते. जो दलाल ओट्यावरूनच म्हणतो, ‘घराला किंमत नाही, जमिनीचाच भाव येईल’, तो बहुधा एकाच ग्राहकासाठी आलेला असतो. जो बाहेरचा जिना चढून वर जातो, मागच्या परसातून फिरतो, प्रत्येक दाराने आत-बाहेर करतो, भाडेकरूशी बोलतो, तो घराला साजेसा ग्राहक शोधू शकतो. कारण चमत्कारिक रचनेचे घर सर्वांना नको असते, पण कोणाला तरी नेमके तसेच हवे असते. बाहेरच्या जिन्यामुळे वर शिकवणी चालवू इच्छिणारी शिक्षिका, खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड ठेवू पाहणारा डॉक्टर, म्हातारे आईबाप खाली आणि आपण वर असे एका छपराखाली पण वेगळ्या चुलीने राहू इच्छिणारे कुटुंब, यांना तीच रचना सोयीची वाटते. दलालाला विचारावे : अशा प्रकारची घरे तू पूर्वी कोणती विकलीस? ती कोणी घेतली? त्या विकणाऱ्यांना आम्ही भेटू काय? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा माणूस विरळा. पण तो सापडेपर्यंत थांबण्यास हरकत नसावी.

दलालाला कुलमुखत्यारपत्र मात्र देऊ नये. दाखविणे त्याचे काम, देणे आपले. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. परंतु अशा कागदावर घेतलेला इसार आणि दिलेले शब्द निस्तरण्यात आयुष्याची उमेद खर्ची पडते. परदेशी असलेल्या भावंडांनी मुखत्यारपत्र द्यायचेच तर ते घरच्याच विश्वासू माणसाला, आणि एका कामापुरतेच द्यावे.

शेवटी उणिवांविषयी. छपराची तुळई वाळवीने खाल्ली आहे, जिना दुसऱ्याच्या आंगणात आहे, एका वारसाचा पत्ता लागत नाही, हे ग्राहकाला सांगावे की लपवावे? जी उणीव विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत दिसणार नाही, ती सांगणे हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. दलालाने ‘बोलू नका’ असा सल्ला दिला, तर तो आपल्याविषयी ग्राहकाशी कसा बोलत असेल याचा विचार करावा. आंगणात प्लेगच्या दिवसांतला क्रूस असेल, तर त्याविषयी खरेदीखतात स्पष्ट वाक्य असावे. तो तेथेच राहणार असेल तर वाट कोणती, हलवायचा असेल तर कोठे, याचा निर्णय पाखाडीतील लोकांना बोलावून आधी करावा. सह्या झाल्यानंतर क्रूसाभोवती जमाव उभा करणे हे ना भक्तीला शोभते ना शेजारधर्माला.

हनन्याची किंमत

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. व्यवहाराची थोडी रक्कम खतात दाखवावी आणि उरलेली रोखीने, अंधारात घ्यावी, ही रीत आपल्याही समाजात शिरली आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या व पाचव्या अध्यायांत जमीन विकणारे दोघे आहेत. बर्णबाने शेत विकले आणि पूर्ण किंमत प्रेषितांच्या चरणी ठेवली. हनन्या आणि सप्पीरा यांनी मालमत्ता विकली, किमतीतील काही भाग मागे ठेवला आणि हेच सर्व आहे असे भासविले. पेत्राने त्यांना ठेवलेला दोष पैसे राखल्याचा नाही. विकण्यापूर्वी ती तुमचीच होती आणि विकल्यानंतर तिची किंमतही तुमच्याच स्वाधीन होती, असे तो स्वच्छ म्हणतो. दोष खोट्याचा आहे. रोखीच्या व्यवहारात हे खोटे सरकारापुरते थांबत नाही. खतात दाखविलेली रक्कम बहिणीला सांगितली जाते, अंधारातली रक्कम भावाच्या कपाटात जाते, आणि पुढे एकाच मिस्साबलिदानाला दोघे वेगवेगळ्या दारांनी येतात.

घर विकणे हे पाप नव्हे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात तटबंदीच्या नगरातील घर आणि तट नसलेल्या खेड्यातील घर असा भेद केला आहे. नगरातील घर विकल्यास ते सोडवून घेण्याची मुदत एका वर्षाची. नंतर ते घेणाऱ्याचे कायमचे. खेड्यातील घर मात्र शेताप्रमाणे गणले जाई आणि योबेलाच्या वर्षी मूळ घराण्याकडे परत येई. आपल्या गावठाणांना तट नव्हता, पण आज ती नगराच्या पोटात आहेत आणि योबेलाचे वर्ष कोणत्याही खरेदीखतात लिहिलेले नसते. गेलेले घर परत येत नाही. म्हणूनच ते नीट जावे.

यिर्मयाने यरुशलेमेला वेढा पडला असताना अनाथोथ येथील शेत आपल्या चुलतभावाकडून सतरा शेकेल रुप्याला विकत घेतले. खताच्या दोन प्रती केल्या, एक मुद्रित व एक उघडी, आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून बारूखाकडून त्या मातीच्या भांड्यात ठेवविल्या. आपल्या वाचकांना आमची विनंती इतकीच आहे. घर विकावयाचे असो वा नसो, ज्यांना खोल्यांचा, वाटांचा आणि वाटण्यांचा इतिहास ठाऊक आहे ती वडीलमंडळी हयात असतानाच त्यांना ओट्यावर बसवून तो विचारून घ्यावा, त्याचा नकाशा काढावा, सर्व भावंडांच्या सह्या त्यावर घ्याव्यात आणि एकेक प्रत प्रत्येकाकडे द्यावी. पुढल्या वेळी कोणी अनोळखी गृहस्थ ‘घर द्यायचे आहे काय?’ असे विचारीत आला, तर होय म्हणा अथवा नाही म्हणा. उत्तर एकाने न देता सर्वांनी मिळून द्यावे.